डावीकडचा मागचा दरवाजा

बँकेत बत्तीस वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. खोटी सही कागद उलटा धरला तरी मला कळायची, आणि हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं आहे की वाक्याचा उत्तरार्ध आता बायकोच म्हणून टाकते. त्याच मी निवृत्त झाल्यावर, भर दुपारी, चष्मा लावून, दोन रंगांची गाडी एका रंगाची समजून घरी आणली. एखाद्या ठगाकडून आणली असती तर चारचौघांत दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पण ती आणली होती व्याह्यांकडून.

व्याही विरारजवळच्या वटार गावचे. त्यांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी आहे, आणि आमची एकुलती एक मुलगी त्या घरात दिलेली आहे. आम्ही मूळचे कोकणातले, पण तीस वर्षं विरारला फ्लॅटमध्ये राहिलेले. आमच्या कुंडीतली तुळससुद्धा रडतखडत जगते. जावई बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. म्हणजे घरात सासू, सासरे आणि आमची मुलगी एवढीच माणसं. आपसात ती त्यांच्या बोलीत बोलतात आणि आम्ही ओटीवर पाय ठेवला की पुस्तकी मराठीवर येतात. मुलगीही आता तसंच करते, तेव्हा मला जरा चुकल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी व्याह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. ते भडकले. चालवायची नसेल तर दारात ठेवायची कशाला, म्हणाले, विकून टाकतो. गाडी पांढरी, आठ वर्षांची, कमी पळालेली. मला निवृत्तीनंतर गाडी घ्यायची होतीच. बायको म्हणाली, घरातल्या घरात राहील.

आता परक्याकडून जुनी गाडी घेताना माणूस मेकॅनिक बरोबर नेतो, स्वतःही वाकून बघतो, दारं आपटून बघतो. मुलीच्या सासरी मेकॅनिक कसा नेणार? तो त्यांच्याच अंगणात त्यांच्याच गाडीखाली शिरणार आणि आपण वर बसून त्यांचा चहा पिणार? व्याही तीनदा म्हणाले, "नीट बघून घ्या हो. मला धड दिसत नाही, तुम्हीच काय ते बघा." आणि तीनदा मी म्हणालो, "भाऊ, तुमची गाडी. तिच्यात बघायचं काय?" मी ती पाहिली ओटीवर बसून, हातात पोह्यांची बशी घेऊन, वीस फुटांवरून. वीस फुटांवरून ती फारच देखणी होती. गुढीपाडव्याला विहीणबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वाडीतल्या मोगऱ्याचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी लिंबं चिरडत मोठ्या थाटात विरारला आलो.

महिनाभराने एका सकाळी गाडी धुताना डावीकडच्या मागच्या दरवाजावर फडकं अडकलं. वाकून पाहिलं तर रंगाला नखाएवढा फोड आलेला. मी तो टोकरला. टोकरायला नको होता. बोटभर पापुद्रा हातात आला आणि खाली काहीतरी गुलाबीसर दिसलं. मग सगळंच दिसायला लागलं. बाकीची गाडी पांढरी आणि हा एकटा दरवाजा साय धरलेल्या दुधासारखा पिवळट. काचेच्या काळ्या रबरावर रंगाचे शिंतोडे. आणि हँडलच्या खाली, रंगाच्या आत, पाय पसरून कायमचा मुक्कामाला राहिलेला एक डास.

हायवेजवळ एक डेंटिंग-पेंटिंगवाला आहे, त्याच्याकडे गाडी नेली. त्याने दरवाजावर टिचकी मारली, मग शेजारच्या दरवाजावर मारली, आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. "काका, पत्रा आत गेलेला. कोणीतरी पुट्टी भरून वरून रंग मारलाय. प्राइमर पण नाय मारला. एकदम घाईचं काम. गाडी कोणाकडून घेतली?"

"ओळखीतून."

"ओळखीतच होतं काका," तो म्हणाला. "अनोळखी माणसाची गाडी लोक तपासून घेतात."

बाकी कुठे पुट्टी आहे का ते बघायला त्याने घरी चुंबक लावून बघायला सांगितलं. पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. आमच्या घरात चुंबक एकच, फ्रिजवरचा प्लास्टिकचा हापूस. पाऊण तास मी पार्किंगमध्ये गाडीच्या अंगाला आंबा लावत फिरलो. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात थांबून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "नजरेसाठी का?" मी हो म्हटलं. तेवढीच अब्रू वाचली. आंबा सगळीकडे चिकटला, फक्त त्या दरवाजावरून दर वेळी खाली पडला.

वर येऊन मी बायकोसमोर तोंड सोडलं. दिसत नाही म्हणे. तीनदा म्हणाले, नीट बघून घ्या. म्हणजे उद्या बोलायला जागा ठेवली नाही. वर कुंकू काय, हार काय. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाडी गेली खड्ड्यात. आपली मुलगी त्या घरात आहे."

माझा राग तिथल्या तिथे उतरला आणि त्याच्या जागी भीती बसली. व्याह्याला जी माणसं पुट्टी लावतात, ती सुनेशी कशी वागत असतील? नवरा समुद्रात आणि ही एकटी त्यांच्यात. मुलीचा फोन आला की मी विचारायचो, कशी आहेस, आणि ती म्हणायची, मजेत. तो 'मजेत' मी मनातल्या मनात जुन्या 'मजेत'शी ताडून बघायचो. वेलांटी जरा वेगळी वाटायची. पण विचारणार काय? आपण मुलीकडचे. गाडीबद्दल एक शब्द काढला तर तो तिच्या ताटात जाऊन पडणार. आम्ही दोघं मूग गिळून बसलो.

दरवाजा मात्र गप्प बसेना. त्याचे पापुद्रे निघतच होते. नवा रंग मारून घेतला तर व्याह्यांना कळणार की आम्हाला कळलं. नाही मारला तर ते कधीतरी येणार, दरवाजा बघणार, आणि तरीही कळणार. यावर मी तोडगा काढला: गाडीची डावी बाजू भिंतीला चिकटवून लावायची. त्यामुळे डावीकडून कुणाला बसता येईना. बायको चार महिने ड्रायव्हरच्या सीटवरून, गिअर ओलांडून, साडी सावरत पलीकडे जात होती, आणि जाताना दर वेळी माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल काहीतरी बोलत होती.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. यंदा दर्शनाला तिघंही आले: व्याही, विहीणबाई आणि मुलगी. केळीचा घड आणला होता, मोगरा आणला होता. आणि व्याह्यांनी नवे डोळे आणले होते. उन्हाळ्यात दोन्ही ऑपरेशनं झाली होती आणि त्यांना आता सगळं दिसत होतं. दारातच त्यांनी आमच्या पंख्यावरची धूळ दाखवली. भिंतीतली ओल दाखवली. माझ्या शर्टाचं दुसरं बटण वेगळं आहे हे मला त्यांच्याकडून समजलं. "ऑपरेशन झाल्यापासून घरात राहवत नाही," विहीणबाई माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या. "माझं वयसुद्धा त्यांना आत्ता दिसलं."

गणपतीच्या पाया पडून झाल्याबरोबर व्याही म्हणाले, "चला, आमची गाडी बघू."

मी म्हटलं, आधी मोदक. ते म्हणाले, आधी गाडी. बायकोने गॅस बारीक केला आणि सगळी वरात खाली पार्किंगमध्ये आली. व्याह्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, उजवीकडून एक फेरी मारली, आणि मग पोट आत घेऊन ते भिंत आणि गाडी यांच्या फटीत शिरले. मी गणपतीचं नाव घेतलं. मग ते तसेच तिरके बाहेर आले, कोपराला चुना लागलेला, आणि माझ्याकडे बघून अत्यंत दुःखाने म्हणाले, "काय हो हे. कुठे ठोकलीत?"

ते पुढे म्हणाले, "आठ वर्षं जपली मी. आणि ठोकलीत तर ठोकलीत, निदान रंग तरी बऱ्या माणसाकडून मारून घ्यायचा. यात डास आहे."

म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं. चार महिन्यांची माझी सगळी भीती एका क्षणात निराधार ठरली, आणि मी तोंड उघडलं, सांगणार होतो की भाऊ, ती आली तशीच आली. तेवढ्यात माझी नजर मुलीकडे गेली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, दरवाजापेक्षा पुष्कळ पांढरा. तिच्या मनगटावर विहीणबाईंनी घट्ट हात ठेवला होता. आणि विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत विनवणी नव्हती. गप्प बसा, एवढंच होतं.

अस्सल सही ओळखायला मला कधीच वेळ लागला नाही. घरात गणपती बसलेला असताना मी खाली पार्किंगमध्ये म्हणालो, "हो भाऊ. माझ्याच हातून लागली. सोसायटीच्या गेटला."

माझी बायको माझ्याकडे बघतच राहिली. गिअर ओलांडताना फाटलेल्या दोन साड्यांचा हिशोब तिच्या ओठांवर आला होता, पण तिनेही तो गिळला.

पुढचं स्वयंपाकघरात कळलं, मोदक वाढता वाढता, दबक्या आवाजात. व्याह्यांचं चालवणं बंद झाल्यापासून गाडी मुलगीच चालवत होती, आणि ते शेजाऱ्याबरोबर डोळे तपासायला गेले असताना तिने ती मागे घेताना वाडीच्या दगडी खांबावर घातली होती. ती रडायला लागली. सासूने तिला पाणी दिलं, रंगवाल्याला वाडीतच बोलावलं आणि संध्याकाळच्या आत काम उरकायला लावलं. "वाळायला दिवस लागतो म्हणत होता," विहीणबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, वाळू दे नाहीतर नको वाळू दे, हे यायच्या आत पांढरा कर. नवीन पोर, नवरा लांब, हिला कोणी बोललेलं मला नको होतं. मग गाडी तुमच्याकडेच जाणार ठरलं आणि मला तोंड उघडता येईना. रंग मी भरून देते."

माझ्या बायकोने विहीणबाईंच्या पानातल्या मोदकावर तूप सोडलं, आणि सोडतच राहिली, मोदक बुडेपर्यंत. पोरीची चार महिने काळजी करत होतो, आणि पोर तर अशा हातात होती.

मी बाहेर पंगतीत येऊन बसलो, तेव्हा व्याही मला गाडी कशी चालवावी ते शिकवायला लागले. आरसा कसा लावायचा, गेट आलं की वेग किती ठेवायचा, या वयात माणसाने मागे बघण्यासाठी मान कशी वळवायची. मी खाली मान घालून हो हो म्हणत होतो. मुलगी वरण वाढायला आली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

"लाज धरू नका व्याहीबुवा," ते म्हणाले. "चार दिवस आमच्या सुनेकडून शिका. सहा महिने चालवली तिने माझी गाडी. एक ओरखडा नाही."

"शिकतो," मी म्हणालो, आणि वाटी पुढे केली. मुलीचं लक्ष वाटीकडे नव्हतंच, अर्धं वरण माझ्या मांडीवर पडलं. गरम होतं, पण मी हूं की चूं केलं नाही.