गमछ्याखालचं संशोधन

विज्ञानातली आणि अर्थशास्त्रातली जगातली सर्वांत मोठी बक्षिसं परदेशात जाहीर होतात, पण ती मनापासून साजरी होतात ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आमच्या घरी, आणि तीही माझ्या मोठ्या दिरांमुळे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. ऑक्टोबरातल्या त्या आठवड्यात ते रोज दाढी करतात, दुपारी इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसतात आणि विजेत्याचं नाव आलं की देवापुढे एक नारळ ठेवतात. "पत्ता मिळाला की पाठवू," म्हणतात. पत्ता काही मिळत नाही. चौथ्या दिवशी मी नारळाच्या वड्या करते आणि विजेत्याच्या वतीने आम्हीच खातो.

एवढ्यावर थांबले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण बक्षीस मिळालेलं प्रत्येक संशोधन त्यांना घरी करून बघायचं असतं. शरीरातल्या घड्याळाला बक्षीस मिळालं तेव्हा आठवडाभर त्यांनी घरातल्यांना दिवस मावळायच्या आत जेवायला लावलं. मी इंदरगंजच्या ऑफिसातून परत येईपर्यंत भांडीसुद्धा घासून झालेली असत. माणसाला न सांगता चांगल्या सवयीकडे वळवता येतं, या संशोधनाला बक्षीस मिळालं तेव्हा त्यांनी चिवड्याचा डबा माळ्यावर टाकला आणि टेबलावर काकड्या मांडल्या. स्वतःचा टॉवेलही हाताने न घेणारे माझे यजमान त्या दिवशी आपणहून स्टूल घेऊन वर चढले. "बघ सुनंदा, व्यायाम झाला की नाही?" दीर म्हणाले. "प्रयोग कामयाब!"

त्यांचं स्वतःचंही एक संशोधन आहे, तीस वर्षांपासूनचं. दाल बाजारातले जुने व्यापारी गमछ्याखाली एकमेकांचा हात धरून, बोटं दाबून भाव ठरवत. शेजारच्याला पत्ता लागत नसे. दुसरा किती देणार हे ठाऊक नसताना माणूस बोली कशी लावतो, हा दिरांचा प्रश्न. हात तर गमछ्याखाली. म्हणून ते भुवया बघत. कुणाची डावी उडाली, कुणाची उजवी, सगळं वहीत. व्यापारी म्हणत, "मास्साब, दाल लेनी है कि फोटू खींचनी है?" अशा अकरा वह्या भरल्या. त्यांवरून अर्थशास्त्राच्या नियतकालिकासाठी लिहिलेला लेख मी ऑफिसच्या संगणकावर दोनदा टाईप करून दिला. "पाठवून टाका भाऊजी," मी दर वर्षी म्हणे. "एक निरीक्षण बाकी आहे," ते दर वर्षी म्हणत.

आणि काही वर्षांपूर्वी बक्षीस मिळालं ते नेमकं याच प्रश्नाला. समोरच्याच्या मनातलं ठाऊक नसताना लोक बोली कशी लावतात! टीव्हीवरची बाई ते सांगत होती आणि आम्ही सगळे दिरांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. मला तर रागच आला होता. तेवढं एक पाकीट पोस्टात टाकायला काय झालं होतं?

दीर उठले, नारळ घेऊन आले. तो देवापुढे नीट ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी चुकत नव्हतो, सुनंदा."

"आता तरी पाठवा."

"पाठवायचंच आहे. त्यांनी गणित केलंय, भुवया कुठे बघितल्यात? फक्त एक निरीक्षण बाकी आहे."

त्या वर्षीच्या वड्या ते दोन जास्त खाऊन गेले, एवढंच मला वेगळं जाणवलं.

आता बाजारात भाव मोबाइलवर ठरतात. गमछ्याखाली हात घालणारे एकच शेठजी उरलेत, तेही हौसेपुरते, जुनं गिऱ्हाईक आलं तर. आणि दिरांची नजर गेल्या वर्षापासून फार अधू झाली आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. म्हणून सुट्टीच्या शनिवारी मी त्यांना सवारीच्या टेंपोतून दाल बाजारात नेते. ते पोत्यावर बसतात, वही माझ्या हातात.

"कुठली उडाली?"

"डावी."

"किती?"

"भुवई ती, भाऊजी, पतंग नाही. उडाली थोडी."

"थोडी लिही."

गेल्या शनिवारी शेठजी म्हणाले, दिवाळीनंतर दुकान मुलगा बघेल, आपण घरी बसू. परतताना टेंपो बाड्याच्या चौकात आला तेव्हा दीर म्हणाले, "सुनंदा, झालं म्हणायचं का आता? पाठवून टाकू?"

वीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली ते हेच. पाकीट आणि पत्ता माझ्या पर्समध्ये कधीचे तयार आहेत. मी त्यांच्याकडे बघितलं. इस्त्रीचा सदरा होता, आणि दाढी केलेली. हल्ली ते एवढी तयारी फक्त शनिवारी करतात.

"इतक्यात कसं?" मी म्हटलं. "एक निरीक्षण बाकी आहे."

त्यांची डावी भुवई उडाली. थोडी.

"मग पुढच्या शनिवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं.