बिनविजेचं कारंजं

वडिलांनी मला फोनवर पाठवलेली ती पहिलीच गोष्ट. तोवर ते फक्त फोन उचलायचे आणि माझं बोलणं संपायच्या आत ठेवून द्यायचे. व्हिडिओत प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या एकावर एक बसवलेल्या होत्या, त्यांना नळ्या जोडलेल्या होत्या आणि सगळ्यात वरून पाण्याची बारीक धार उडून परत वरच्याच बाटलीत पडत होती. वीज नाही, मोटर नाही. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"बघितलंस? आपोआप चालतंय."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. 'आपोआप' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "आबा, असं काही चालत नाही. थांबायच्या आधी व्हिडिओ कापलेला असतो."

"चालतंय की. मी डोळ्यानं बघतोय."

फोन ठेवला आणि मला त्यांचा राग आला. या माणसाने निम्मं आयुष्य गावच्या नळयोजनेचे व्हॉल्व्ह फिरवण्यात घालवलेलं. टाकीतलं पाणी खाली आपलं आपण येतं, वर चढवायला मोटर लागते, हे मला शाळेच्याही आधी त्यांनीच शिकवलं होतं. मग हे खूळ आताच कुठून निघालं, ते मला कळेना. खरं तर कळायला हवं होतं. श्रावण पंधरा दिवसांवर आला होता.

आमचं गाव कोळवणच्या खोऱ्यात. गावाच्या वर, तीसएक पायऱ्या चढून गेलं की महादेवाचं दगडी देऊळ आहे. श्रावणातल्या दर सोमवारी तिथे सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत पिंडीवर पाण्याची धार धरतात. पिंडीवर साखळीला तांब्याचं भांडं टांगलेलं असतं, त्याच्या बुडाला भोक, भोकात दर्भाची काडी. भांडं अर्ध्या तासात रिकामं होतं. ते रिकामं व्हायच्या आत कुणीतरी पायथ्याच्या विहिरीवरून घागर आणून ओतायची. धार तुटू द्यायची नाही, एवढा एकच नियम. त्यासाठी घरांच्या पाळ्या लावलेल्या असतात. माझ्या लहानपणी घरं इतकी होती की एकेकाच्या वाट्याला जेमतेम तासभर यायचा. मग कुणी जमीन विकून पुण्याला गेलं, कुणाची मुलं हिंजवडीला लागली, खोऱ्यात फार्महाऊसं झाली. ज्या घराला कुलूप लागलं त्याची पाळी आबा स्वतःकडे घेत गेले. त्याच्या आदल्या वर्षी अर्ध्याहून जास्त दिवस त्यांच्या एकट्याच्या अंगावर होता. वय ऐंशीच्या घरात, आणि दोन्ही गुडघे गेलेले. आई नाही. मी एकुलती एक.

खालच्या फार्महाऊसवाल्याने मोटर आणि पाइप देऊ केला होता. आबा त्याला म्हणाले होते, "लाइट गेली की धार तुटली. श्रावणात आमची लाइट असती कुटं?" म्हणजे माणूस नाही आणि विजेचा भरवसा नाही. अशा वेळी बिनविजेचं कारंजं दिसल्यावर त्यांनी काय करावं?

मी रविवारी गेले तेव्हा त्यांनी ते बनवलेलंही होतं. तीन बाटल्या, दवाखान्यातून मागून आणलेली सलाइनची नळी, सांध्यांना पंक्चर काढायचं सोल्युशन. सगळं काखोटीला मारून, पायऱ्यांवर चार ठिकाणी बसत ते देवळात आले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझा इस्वास न्हाई ह्यावर." मंडपात आमची काकी वाती वळत बसली होती. ती चुलत चुलत्याची बायको, आता गावात उरलेल्या चार घरांपैकी एक तिचं.

त्यांनी वरच्या बाटलीत तांब्याभर पाणी ओतलं. धार उडाली. खरंच उडाली, वीतभर, आणि अगदी सरळ. काकीने वाती खाली ठेवल्या. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण त्यांची मान ताठ झाली ती मला दिसली.

सातव्या मिनिटाला धार वाकली. मग बुडबुडे आले आणि थांबली.

"सांध्यात हवा शिरली," आबा म्हणाले.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्गात तीस वर्षं उभं राहून माझ्या जिभेला वळणच तसं लागलंय. मी विझलेल्या कोळशाने फरशीवर तीन बाटल्या काढल्या आणि सुरू झाले. वरचं पाणी सगळ्यात खालच्या बाटलीत पडतं. तिथली हवा ते मधल्या बाटलीत ढकलतं. त्या हवेच्या दाबाने मधलं पाणी वर उडतं. मधलं पाणी संपलं की खेळ खलास. हवा शिरलेली नाही की नळी फुटलेली नाही. "तुम्ही तांब्याभर पाणी हाताने उचलून वर ओतलंत ना, त्यावर हे सात मिनिटं चाललं. आपोआप नाही."

"खालचं पानी परत वर घेतलं तर?"

"कोण घेणार? त्याला पुन्हा जोर लागणार. ऊर्जा बाहेरून द्यावी लागते, आबा. कुठलंही यंत्र घ्या."

त्यात काकीने भर घातली. "आन् भावजी, पिंडीवरचं पानी परत पिंडीवर कसं वताल? त्ये निर्माल्य झालं की."

एकाच बैठकीत विज्ञान आणि धर्म दोन्हीकडून त्यांना चीत केलं. आबा बाटल्यांच्या नळ्या सोडवू लागले. थोड्या वेळाने मान वर न करताच त्यांनी विचारलं, "बाहेरनं म्हंजी कोन?"

मी हसून म्हणाले, "कुणीही. मोटर, बैल, माणूस."

"व्हय," ते म्हणाले. "कुनीबी."

गावाहून माझ्या घरी परतताना मी वाद जिंकल्याच्या समाधानात होते. पिरंगुटच्या चौकात गाड्या अडकल्या आणि मला त्यांचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. त्यांनी मला फिजिक्स विचारलंच नव्हतं. त्यांच्यामागे घागर कोण आणणार, हे त्यांनी विचारलं होतं, आणि मी बैलाचं नाव सांगून मोकळी झाले होते. लाज वाटली. तरीही मी फोन केला नाही. काय बोलणार होते?

'बाहेर' या शब्दाशी माझं जुनं वाकडं आहे. वयात आल्यापासून महिन्याचे चार दिवस मी 'बाहेर' असायचे, आणि उरलेल्या दिवसांतही गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर. मग लग्न होऊन कायमची बाहेरची झाले. 'पाळी'चंही तेच. एक पाळी यायची, म्हणून दुसरी कधी वाट्याला आली नाही. लहानपणी आबांच्या मागे मी रिकामी घागर घेऊन पायऱ्या चढले आहे, पण भरलेली कधी कुणी हातात दिली नाही. त्यामुळे त्या धारेशी आपलं काही देणंघेणं नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं. माझा देवावर विश्वास नाही हे कारण फार उशिरा आलं. आधीचं कारण राग हे होतं.

पहिल्या सोमवारनंतर दोन दिवसांनी काकीचा फोन आला. सोमवारी आबा पायरीवर घसरले होते. लागलं फारसं नव्हतं, घागर मात्र सांडली. ते तिथेच बसून राहिले, कुणाला हाक मारली नाही. "मला म्हनले, पोरीला सांगू नगंस. पन मी सांगतीया."

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली आणि उजाडायच्या सुमारास गावात पोचले. आबा पायथ्याशी घागरीजवळ काठी टेकून उभे होते. मी घागर उचलून घेतली. चढताना तीनदा थांबले, पाणी मानेवरून पाठीत गेलं. गाभाऱ्याच्या दाराशी काकी होती. ती वाईट बाई नाही, पण तिचा चेहरा गोंधळला.

"भावजी, लेकीनं आत जायाचं? आन् ती तर बाहेरची झाली."

आबांना वर पोचायला वेळ लागला. दाराच्या चौकटीला हात धरून त्यांनी आधी श्वास घेतला.

"बाहेरची हाय म्हनूनच," ते म्हणाले. "ऊर्जा बाहेरनंच द्यावी लागती. तिनंच शिकीवलंय. जा गं आत."

मी आत गेले. पन्नाशी ओलांडल्यावर, पहिल्यांदा. गाभारा माझ्या कल्पनेपेक्षा लहान होता आणि थंड. स्टुलावर चढून मी भांड्यात पाणी ओतलं. काडीवरून धार पिंडीवर पडेपर्यंत खाली उतरले नाही.

दुपारी आम्ही दोघं मंडपात बसलो. मी विचारलं, "गेल्या सोमवारी तुम्ही पडलात तेव्हा धार तुटली असेल ना?"

"तुटली की." त्यांनी आत बघितलं. "आदीबी तुटलीया. कदी डोळा लागला, कदी विहिरीवर गप्पा मारत बसलो. कुनाला सांगायचं न्हाई. परत धरायची."

एवढी वर्षं मी त्यांना न तुटणाऱ्या धारेचं वेड धरून बसलेला माणूस समजत होते. त्या श्रावणातले उरलेले सगळे सोमवार मी गेले. त्यांनी पुन्हा कारंज्याचं नाव काढलं नाही. बाटल्या मात्र खिडकीत तशाच ठेवल्या होत्या.

आबा या उन्हाळ्यात गेले. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी मी वेळेवर निघाले, पण पिरंगुटला ट्रक बंद पडला होता आणि तासभर गाड्या हलल्या नाहीत. काकीचे गुडघेही आता साथ देत नाहीत. आता तीही गाभाऱ्यात जाते; सकाळचं पहिलं भांडं तिने कसंबसं भरलं आणि ती घरी गेली. मी पोचले तेव्हा देवळात कुणी नव्हतं. भांडं रिकामं होतं, पिंड वरून सुकत आली होती.

मी पाठीमागे बघितलं. मग खाली जाऊन घागर भरून आणली, भांड्यात ओतली आणि दर्भाची काडी सरळ केली. धार लागली. काकीने संध्याकाळी विचारलं, "तुटली न्हाई ना गं?"

"नाही," मी म्हणाले.