मी गाठोडं करणार नाही

आमच्या सोसायटीच्या हॉलमधल्या चटया निळ्या रबराच्या आहेत. सकाळी त्यांवर योगावाले, दुपारी कराटेची पोरं आणि संध्याकाळी आम्ही. सगळ्यांचा घाम त्यांत मुरलेला, वर कुणाच्या तरी डोक्याचं खोबरेल, आणि त्या तेलाला चिकटलेले केस. धुवायचं नाव नाही. अशा चटईवर उताणं पडायचं, मान उचलायची आणि म्हणायचं, आम्ही तब्येत कमावतोय. मला शिसारी यायची. पण पडायचे मी, ते कशाला नाकारू.

त्याचं कारण आमचा मंगळागौरीचा ग्रुप. मुलुंडला आम्ही बायका, सगळ्या पन्नाशी-साठीच्या, श्रावणात नव्या नवरीच्या घरी नाहीतर हॉलवर जाऊन खेळ करतो. झिम्मा, पिंगा, फुगड्यांचे प्रकार. हल्लीच्या मुलींना ऑफिसातून सुट्टी मिळते तेच खूप, खेळ कुठून येणार, म्हणून आम्हाला बोलावतात. त्यात माझा खेळ गाठोडं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. जमिनीवर बसायचं, गुडघे छातीशी घ्यायचे, हातांनी पायाचे अंगठे धरायचे आणि अंगाचं गाठोडं करून पाठीवर लोळायचं, त्याच झोक्यात परत उठून बसायचं, असं गोल फिरायचं. तेही नऊवारीत. लोक ओरडतात, शिट्ट्या मारतात. हे गेल्यावर घरात मी कुणाची सासू, कुणाची आजी. ग्रुपमध्ये मात्र मी गाठोडंवाली काकी. हॉलच्या दारात पोचले की कुणीतरी म्हणायचं, आली बघ. त्या दोन शब्दांसाठी मी आठवडाभर पोळ्या लाटायचे म्हणा ना.

तर ऐन मे महिन्यात कमरेतून एक चमक निघाली ती डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत गेली. मान तर आधीपासूनच आखडलेली, रिक्षात मागे वळून बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. म्हणाले, कमरेची गादी सरकली आहे, मानेचे मणके झिजले आहेत. आत्ता ऑपरेशन नको, पण पायातली शक्ती कमी होऊ लागली तर मग दुसरा इलाज नाही. व्यायाम शिकून घ्या नीट कुणाकडून तरी. आणि एक पट्टा दिला कमरेचा.

त्या पट्ट्याबद्दल काय बोलायचं. मुंबईचा मे महिना आणि अंगाला इलॅस्टिक. खाली घामोळं, त्यावर पावडर, पावडरीचा झालेला चिखल. रात्री काढला की असा वास यायचा की मीच तोंड फिरवायचे. नातू म्हणाला, आजी, काहीतरी आंबलंय. मी म्हटलं, मीच रे बाबा.

ग्रुपची पुढारीणबाई माझ्याच वयाची, एकाच मजल्यावर राहतो आम्ही. तिला माझं कळलं तशी ती घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "तुझा कोअर वीक आहे गं."

"ते काय असतं?"

"पोट गं पोट. सुटलंय बघ किती. मोबाइलवर सगळं दाखवतात. कोअर स्ट्राँग झाला की पाठ आपोआप बरी. आणि तुला वेगळा व्यायाम कशाला हवा? गाठोडं म्हणजे काय मग? कोअरच तो. आपल्या आज्या हेच करायच्या, त्यांची कधी पाठ दुखली?"

"माझ्या आजीची दुखायची. ती वाकूनच चालायची."

"ते शेतामुळे."

हिच्याशी बोलून कुणी जिंकलेलं नाही. दुसऱ्या रविवारी तिने ओळखीचा एक जिमवाला हॉलवर आणला. दंड एवढे फुगलेले की हात अंगाला लागत नव्हते. आम्हाला सगळ्यांना चटयांवर पाडलं, हात मानेमागे गुंफायला लावले आणि म्हणाला, "आंटी, उठायचं, बसायचं. दुखणार ना, मग समजायचं कोअर पेटला." माझे पाय वर उचलले जात होते, म्हणून पुढारीणबाई माझ्या पावलांवर बसली. तिच्या कपाळाचा घाम माझ्या नडगीवर टपटप पडतोय, माझं नाक तिच्या गुडघ्यापर्यंत जाऊन परत येतंय, मी मानेला हातांनी खेचतेय, श्वास कोंडलेला, आणि सगळ्या टाळ्या वाजवतायत. मग म्हणाला, आता तुमचा तो लोळायचा आयटम दाखवा. मी लोळले. मानेत कट्ट झालं. पायात मुंग्या आल्या. मी उठून बसले आणि हसले. हसलेच, काय करणार, सगळ्या बघत होत्या.

घरी जाताना गेटापाशी मागून वॉचमनने हाक मारली, "काकी, चप्पल." मी खाली बघितलं. डाव्या पायातली चप्पल चार हात मागे पडली होती आणि मी अनवाणी चालत होते. पायाला कळलंच नव्हतं. खाली खडी होती, ओली माती होती, कुत्र्याने केलेली घाण होती. पाय त्यात होता आणि मला वासावरून समजलं.

त्या रात्री मी सुनेला सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला, तुम्ही शिकल्यासवरलेल्या नसलात तरी एवढं कळायला हवं होतं, असा. सकाळी रिक्षाने मला घाटकोपरला एका फिजिओथेरपीवालीकडे घेऊन गेली. मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. पायाची बोटं वर उचलायला लावली, टाचेवर चालायला लावलं, टाचणीने टोचून विचारलं इथे कळतं का, इथे कळतं का. डॉक्टरांना फोन केला. मग म्हणाली, "शक्ती अजून आहे काकू. पण लघवीवर ताबा राहिला नाही किंवा पाऊल लुळं पडलं, तर माझ्याकडे येऊ नका, सरळ हॉस्पिटल. आता सांगा, सूनबाई म्हणाल्या ते गाठोडं म्हणजे काय? करू नका. सांगा."

मी सांगितलं.

"आणि हे गादी सरकल्यावर केलंत?"

"व्यायाम म्हणून."

तिने मला समजावलं की पाठ कमानीसारखी दुमडून तिच्यावर वजन टाकलं की ती गादी आणखी मागे ढकलली जाते. त्या झोपून उठण्याचंही तेच, वर मानेला खेच. पोट म्हणजे नुसतं पुढचं पोट नव्हे. कमरेभोवती आतून जो पट्टा देवाने दिलाय त्याला जागं करायचं. बाहेरचा पट्टा दिवसभर बांधला की आतला झोपतो. प्रवासापुरता बांधा, म्हणाली.

मग उताणं झोपवलं, गुडघे वाकवून, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल. हनुवटी किंचित आत. डोकं उचलायचं नाही, अजिबात. "खोकला यायच्या आधी पोट कसं आवळतं, तेवढंच आवळा. आणि श्वास चालू ठेवा, बोलत राहा माझ्याशी." तसं धरून एक टाच हळूच पुढे सरकवायची आणि परत आणायची. कंबर हलता कामा नये.

"एवढंच?"

"एवढंच नीट येत नाहीये तुम्हाला."

खरंच येत नव्हतं. जन्मभर लोळणारी मी, आणि एक टाच सरकवताना कंबर डुगडुगत होती. मला माझाच राग आला. हा कसला व्यायाम, ज्यात काही दिसत नाही, कुणी बघत नाही, टाळी नाही. घरी स्वच्छ सतरंजी घालून करायचे, तरी वीट यायचा. पुढे तिने हातगुडघ्यांवर यायला शिकवलं, नजर जमिनीकडे, मान पाठीच्या रेषेत, मग एक पाय मागे लांब करायचा, मग कधीतरी विरुद्ध बाजूचा हात पुढे. दुखणं पायाकडे उतरायला लागलं की थांबायचं, कमरेकडे परत सरकलं तर चालेल. मी देव्हाऱ्यासमोरच करायचे. सून म्हणायची, आई, देवाला वाटेल तुम्ही काहीतरी शोधताय.

आषाढापर्यंत मुंग्या गेल्या. चटका कमरेपाशी उरला, तोही रोज नाही. मी तालमीला गेले.

हॉलमध्ये सगळ्या होत्या. पुढारीणबाईने माझ्यासाठी चटई मधोमध घालून ठेवली होती. बोरिवलीचं मोठं काम आलं होतं, हॉलवर, व्हिडिओ काढणारे येणार होते.

"ये गं. बस. एकदा लोळून दाखव, तुझी जागा ठरवते."

"झिम्मा करीन मी. पिंग्यात उभी राहीन. आडवी होणार नाही."

"झिम्मा काय, सगळ्यांनाच येतो."

मालवणकडची एक आहे आमच्यात, ती म्हणाली, "गो बाय, लोळ एकदा, मरत नाय कोण." सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि खरं सांगायचं तर मी चटईवर बसले. अंगाला ते सगळं ठाऊक होतं ना. गुडघे आपोआप छातीशी आले, हात अंगठ्यांकडे गेले. नाकात तो घाणेरडा वास गेला आणि मला कळलं की मला हे करायचंय. इतकं सगळं होऊनही करायचंय, चार बायकांनी आली बघ म्हणावं म्हणून. माझा पाय गेला तरी चालेल, असं माझ्यातलं कुणीतरी म्हणत होतं. मला स्वतःची जी किळस आली ती सांगता येणार नाही.

मी पाय सोडले आणि उठले.

"मी गाठोडं करणार नाही."

"मग येऊच नकोस," पुढारीणबाई म्हणाली. "मला माणसं मोजून न्यायची आहेत. टाळ्या वाजवायला पाहुणे असतात."

एक जण पदर नीट करत होती, एक मोबाइल बघत होती. ज्या बायकांच्या बाळंतपणांत मी डिंकाचे लाडू पोचवले, त्या. मी पाणी प्यायले आणि घरी आले.

माझ्या जागी त्यांनी आमच्यातली सगळ्यात लहान बाई घेतली, भांडुपची, दिवसभर बँकेत खुर्चीवर बसणारी. बोरिवलीचा व्हिडिओ ग्रुपवर आला. ती लोळत होती, श्वास कोंडून, चेहरा लाल, उठताना मान झटक्याने वर खेचत होती. खाली सगळ्यांनी झकास, झकास लिहिलं होतं. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. मग लिहिलं, "छान. पण श्वास धरू नकोस, मान खेचू नकोस. पायात मुंग्या आल्या तर लगेच थांब."

थोड्या वेळाने बघते तर मला ग्रुपमधून काढलेलं. समोरच्या दारातून मला पुढारीणबाईच्या टीव्हीचा आवाज येत होता. दार ठोठावून तिच्या तोंडावर काहीतरी बोलावं असं फार वाटलं. त्याऐवजी दूध तापायला ठेवलं.

फोन वाजला. भांडुपची. इकडचं तिकडचं बोलली, बोरिवलीच्या हॉलवरची खिचडी खारट होती म्हणाली, व्हिडिओवाला चावट होता म्हणाली. मग विचारलं,

"काकी, मुंग्या म्हणजे नेमक्या कशा हो?"

मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.