सहा वाजून सात मिनिटं

नाटक बिचारं एका संध्याकाळी संपतं, तालमीचे किस्से मात्र जन्मभर उरतात. आमच्या रायपूरच्या मराठी नाटक मंडळींचे तर इतके साठलेत, की चहाला बसलं की कोणीतरी सुरू करतंच! हल्ली मी मात्र ऐकणाऱ्यांतच असतो.

यंदा एक जुनं, गाजलेलं कोर्टाचं नाटक घेतलं होतं. कायद्याला चिकटलेला न्यायाधीश आणि त्याच्यापुढे दया मागणारी आरोपीची बायको. न्यायाधीश अर्थातच आमचे दिग्दर्शक, रेल्वेतून रिटायर झालेले देशकर सर. तालीम सहाला, तीनदा उशीर झाला की रोल गेला, हा त्यांचा नियम. "गाडी कोणासाठी थांबते काय?" हजेरीची वही माझ्याकडे.

एकदा सर स्वतःच सदर बाजारच्या गर्दीत अडकले. आल्या आल्या म्हणाले, "लिही माझं नाव!"

"सर, चारच मिनिटं तर झाली..."

"चार मिनिटांत गाडी निघून जाते!"

लिहिलं बाप्पा!

बायकोचं काम करणाऱ्या पिंकीला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. भाषण घोकून पाठ केलेलं. ऐन रंगात अडखळली आणि हात जोडून म्हणाली, "माफ कर दो ना, सर!" सगळा हॉल हसला. सर गरजले, "ए पोट्टी, दया मराठीत माग!" पण तोंड फिरवून चष्मा पुसत होते, ते मी पाहिलं.

आरोपीचं काम वसंतभाऊंचं. नोकरी नव्या रायपुरात, बस मिळेल तेव्हा येणार. दोन उशीर झालेच होते. तिसऱ्यांदा समता कॉलोनीतल्या दवाखान्यातून धावत आले. दारातच मला म्हणाले, "बायकोले भरती केलं. तिनंच धाडलं मले. सरले सांगू नको, उगाच दया दाखवून राहतील."

सहा वाजून सात मिनिटं झाली होती. सर पाठमोरे होते. मी सहा लिहिलं असतं तर कोणाच्या बापाचं काय गेलं असतं? मी सात मिनिटं लिहिली. अजून लाज वाटते.

सरांना दवाखान्याचं चार दिवसांनी कळलं. बराच वेळ वही चाळत बसले. मग म्हणाले, "याच्या आधी दोघायचे रोल काढले. त्यायले काय सांगू?" वसंतभाऊंचा रोल गेला तो गेलाच.

प्रयोगाला वसंतभाऊ आले, बायकोला घेऊन, पहिल्या रांगेत. शेवटच्या प्रवेशात पिंकीनं दया मागितली, चोख मराठीत. आता न्यायाधीशानं निकाल द्यायचा. दोनच शब्द होते. सर उठले, समोर बघितलं आणि गप्प! विंगेत स्क्रिप्ट माझ्याच हातात होती, पण ते दोन शब्द मला सांगवेनात.

तेव्हा पहिल्या रांगेतून वसंतभाऊ हळूच म्हणाले, "सर, 'शिक्षा कायम' म्हणा."