मधलं अजून सापडलं न्हाई

जे दिसत नाही त्याच्यावर आमच्या थोरल्या साडूंइतका विश्वास असलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात नसेल. सोनपेठच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून गोदावरीच्या दरडी हेच त्यांचं सासर. खऱ्या सासरी कधी इतके रमले नाहीत. उन्हातान्हात तिथून दगड झालेले शिंपले, हाडं उचलून आणतात. एकदा हत्तीच्या दाढेचा भला थोरला तुकडा घेऊन एसटीत चढले आणि पैसे काढेपर्यंत तो शेजारच्या बाईंच्या मांडीवर ठेवला! घरी हा सगळा ऐवज पेढ्यांच्या खोक्यांत, जुन्याकडून नव्याकडे, ओळीने मांडलाय आणि मधेमधे रिकामी खोकी. मेहुणीबाईंनी त्यातल्या एकात मोहरी भरली, तर दोन दिवस अबोला. "रिकामं कुठं हाय ते? मधलं अजून सापडलं न्हाई, एवढंच!" त्यांचं म्हणणं असं, की एखादा प्राणी थरात एकदम दिसला तरी तो एकदम जन्मत नाही, त्याच्या आधीच्या पिढ्या होत्याच, मातीने तेवढ्या जपल्या नाहीत. हे ते बारशात सांगतात, साखरपुड्यात सांगतात आणि ऐकणारा सापडला तर एसटी स्टँडवरही सांगतात.

थोरल्या मुलीने आपल्या मनाने लग्न केलं तेव्हा मात्र साडू नको ते बोलून बसले. ती गेली ती गेलीच. सहा वर्षांत साधा फोन नाही. मग धाकटीचं लग्न ठरलं. पत्रिकेत थोरलीचं नाव नको, असं भावकीने एकमुखाने ठरवलं. मेहुणीबाई पदराने डोळे पुसू लागल्या. साडू ताडकन उठले. "ती दिसंना म्हणून ती न्हाईच, असं मी जन्मभर पोरांना शिकवलं न्हाई. चूक माझी हाय, नाव तिचं का गाळता?" थोरलीचं नाव त्यांनी जावयासकट छापलं आणि जुन्या पत्त्यावर पत्रिका स्वतः पोस्टात टाकून आले.

मंगलाष्टकं चालू असताना ती मांडवात हजर! सोबत नवरा आणि पाचेक वर्षांची मुलगी. "ही एकदम कुठून उगवली?" भावकीत कुजबुज सुरू झाली. व्याख्यानाला याहून चांगली संधी साडूंना मिळाली नसती, पण ते थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

पंगती बसल्यावर मांडवामागे नातीला मांडीवर घेऊन बसलेले दिसले. मला म्हणाले, "चालायला कवा लागली, पहिलं काय बोलली, मला कायबी ठावं न्हाई. ते आता कुठं हुडकू?"

नातीने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही आधी कुठे होता?"

साडूंनी तिला घट्ट जवळ धरलं.