जाळी तपासली, ठीक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांनाही नाही, आणि आता ते ऐकायला नाहीत. मिहिर, सई, तुम्ही माझ्या घराला हसता ना? फ्रिजवर कार्ड, गीझरवर कार्ड, मिक्सर केव्हा दुरुस्त केला त्याची नोंद. "आजी, तुझी सर्व्हिसिंग कधी?" असं सई फोनवर विचारते. मीही हसते. पण ही सवय जिथली आहे, तिथे —

मी कारखान्यात नोकरीला होते, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. तिथे मोठमोठ्या प्रेसवर पत्र्याचे भाग दाबून काढत. प्रत्येक यंत्राच्या देखभालीची, दुरुस्तीची नोंद ठेवणं हे माझं काम. परदेशी कंपन्यांची कामं नुकतीच मिळू लागली होती. त्यासाठी गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्रासाठी चोख नोंदी.

मांजरी गावाहून येणारा ज्ञानोबा एका प्रेसवर होता. कामगाराचा हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला पुढे जाळी असे. एकदा माझ्या टेबलाशी आला. "बाई, हातापुढची जाळी बसंना झालीय. घ्या की लिहून."

"तोंडी तक्रार मी घेत नाही. फॉर्म भरून साहेबांची सही आणा."

"म्हंजी मशीन आजारी पडलं तरी दाखला लागतो म्हणायचा!"

सगळं ऑफिस हसलं. मला ते लागलं. एवढंसंच — पण मी नोंद केली नाही, साहेबांनाही सांगितलं नाही. फॉर्म इंग्रजीत होता. ज्ञानोबा तो भरून परत येणार नाही, हे मला कळत नव्हतं का?

तपासणी जवळ आली, तेव्हा रकाने कोरे होते. देखभाल झालीच नव्हती. मागच्या तारखा घालून नोंदी भरायच्या, अशीच रीत होती — आणि मी त्यात हुशार. महिन्यागणिक पेन बदललं. एका पानावर चहाच्या कपाचा गोल उमटवला. ज्ञानोबाच्या प्रेसपुढे लिहिलं: जाळी तपासली, ठीक. लिहिताना तो आठवला? हो, आठवला.

प्रमाणपत्र मिळालं. माझं कौतुक म्हणून मला चांदीची वाटी दिली.

त्यानंतर त्याच प्रेसमध्ये ज्ञानोबाच्या उजव्या हाताची बोटं गेली. चौकशीत माझी नोंद पुढे आली. जाळी ठीक होती, म्हणजे यानेच ती काढून काम केलं असणार, असं साहेबांनी ठरवलं. तो पट्ट्या बांधलेला हात धरून उभा होता. "बाईंना सांगितलं हुतं मी. इचारा त्यास्नी."

त्यांनी विचारलं.

"लेखी काही आलेलं नाही," मी म्हणाले.

खोटं नव्हतं — किती व्यवस्थित वाक्य! त्याला कामावरून काढलं. तो माझ्याकडे बघत होता. मी फाईलची दोरी बांधत होते.

वाटी मी परत केली नाही. तुम्हा दोघांच्या उष्टावणाची खीर तिच्यातच होती. ते फोटो तुमच्याकडे आहेत — तुमची इवली बोटं वाटीच्या काठावर, आणि मी हसते आहे.