खिळ्यानं टाकलेलं नाव

लोखंडाचा वेल्डर अ‍ॅल्युमिनियमला हात लावतो तेव्हा त्याची फजिती बघण्यासारखी असते. तो लाल होण्याची वाट बघतो. लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं होतं, मग पातळ होतं. एवढा साधा हिशेब त्याच्या डोक्यात जन्माचा बसलेला असतो. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही. होतं तसंच पांढरं दिसत राहतं आणि एकदम बसतं, मग हा गडी तोंडावरची काच वर करून भोकातून स्वतःची चप्पल बघतो. सिंदेवाहीत मी असे तिघे पाहिले. तिन्ही वेळा मी पोट धरून हसलो आणि तिघांनीही माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांच्या बोलण्यावाचून माझं काही अडलं नाही.

मला हे येत होतं. माजरीकडे कोळशाच्या भागात एका ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षं घासली आणि टिग वेल्डिंग शिकलो. एका हातात टंगस्टनची काडी बसवलेली टॉर्च, दुसऱ्या हातात भरायची तार, आणि वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून वरून आर्गॉन गॅस. गावाकडे परत आलो तेव्हा घेतली ती मात्र सगळ्यात हलकी मशीन. तिच्यात फक्त डीसी. अ‍ॅल्युमिनियमला एसी लागतो असं कोणताही शिकलेला माणूस सांगेल. असल्या शिकलेल्यांना मी दुकानात बसायला खुर्ची देत नाही. मी टॉर्च उलटी, प्लसला जोडली, जाडजूड टंगस्टन घातलं आणि करंट कमी ठेवला. तेवढ्यानं वरची साय फुटते. अ‍ॅल्युमिनियमवर एक साय धरलेली असते, दुधावर धरते तशी, आणि आतला धातू पाणी झाला तरी ती वितळत नाही. सगळं दुखणं तिथे आहे. भरायला मी विजेच्या जुन्या केबलमधली तार सोलून घ्यायचो. पातळ पत्र्याला मागून भंगारातली तांब्याची पट्टी लावायचो, म्हणजे ताप ती ओढून घेते. एवढ्या जुगाडावर मी पोस्टकार्डापेक्षा थोडा जाड पत्रा जोडून दाखवायचो. मग गिऱ्हाइकाकडे असा बघायचो, की त्यानं काही विचारूच नये.

गिऱ्हाईकही तसलंच यायचं. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मन म्हणतात, आणि जर्मन फुटलं की लोक आधी स्वतः अक्कल चालवतात. तळ्यावर मासे धरणारा एक जण डांबर भरलेली घमेली घेऊन आला होता. होडीला, म्हणजे डोंग्याला चालतं तर याला काऊन नाही, असं त्याचं म्हणणं. एकीनं मेण भरलं होतं आणि वरून राख. हे सगळं खरवडता खरवडता माझा अर्धा दिवस जायचा आणि तोंडाचा पट्टा चालू राहायचा. लोक ऐकून घेत. दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

ती बाई आली तेव्हाही माझं तोंड असंच सुटलेलं होतं. साठीची असेल. आठ-नऊ किलोमीटरवरच्या गावाहून ऑटोत गंज ठेवून आली होती. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. लोखंडाला चढतो तो गंज वेगळा. हे चांगलं शंभर माणसांच्या वरणाचं भांडं होतं, गावातल्या बौद्ध विहाराचं. काठाखाली वीतभर लांब तडा गेला होता. मी तडा बघितला आणि कपाळाला हात लावला. तडा सरळ एका नावावरून गेला होता.

भांड्यावर नाव टाकायची आपल्याकडे रीतच आहे. दुकानदार छोट्या मशीननं टिंबं टिंबं पाडून देतो, ती वरवरची असतात. हे नाव मात्र खिळा आणि दगड घेऊन ठोकलेलं होतं. वेडीवाकडी अक्षरं, एक टिंब वर, एक खाली, काही इतकी खोल की आतून पत्रा उचलला गेला होता. पातळ पत्र्याला ओळीनं अशी भोकं पाडल्यावर तो कुठून फाटणार, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. भरला गंज चुलीवरून उतरवताना एकाच्या हातातून निसटला होता आणि टिंबाटिंबानं उसवत गेला होता.

"कोण्या शहाण्यानं हे कोरलं?" मी विचारलं.

"माह्या पोरीनं," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या वस्तीत सार्वजनिक जेवणासाठी मोठं भांडं नव्हतं. दर वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाहून मागून आणायचे. देणारे कधी देत, कधी दुपारपर्यंत ताटकळत ठेवत. मुलगी नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, तिथे कामाला लागली आणि पहिल्या पगारात हा गंज घेऊन आली. दुकानातली नाव टाकायची मशीन बिघडली होती, म्हणून विहाराच्या पायरीवर बसून तिनं स्वतःच खिळ्यानं आपलं नाव ठोकलं. पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. आता गंज फुटल्यावर विहाराच्या समितीनं ठरवलं होतं, की दुरुस्त झाला तर ठेवायचा, नाहीतर भंगारात देऊन स्टीलचा घ्यायचा.

"मिस्त्रीभाऊ, नाव तेवढं राहू द्या," ती म्हणाली. "बाकी कसंही करा."

"गंज पाहिजे का नाव पाहिजे, ते ठरवा आधी."

"नावासाठीच तं गंज पाहिजे."

मला अशा बोलण्याचा राग येतो. लोक मिस्त्रीकडे धातू आणतात आणि भलतंच काहीतरी जोडून मागतात. मी तिला सुनावलं, की त्या टिंबांत वर्षांचं तेल आणि काजळी बसली आहे. अ‍ॅल्युमिनियम लख्ख केल्याशिवाय धरत नाही, आणि टिंबं लख्ख करायची म्हणजे घासून सपाट करायची. मग तिनं विचारलं, "आतून ठिगळ नाई लागत का भाऊ? पहिले आमच्याकडे भांडेवाला यायचा, तो आतून तुकडा लावून रिबीट मारून द्यायचा."

मी हसलो. रिबीट, म्हणजे रिव्हेट, मारणं हे माझ्या लेखी गावोगाव फिरून कढया ठोकणाऱ्याचं काम. नऊ वर्षं टिग शिकून मी ठिगळ लावू? "मंग त्यालेच शोधा न," मी म्हटलं. "माह्याकडे काऊन आल्या?"

ती गंज ठेवून गेली. तिचा प्रश्न चोख होता. आतून तुकडा लावला असता, त्याच्या कडा नावापासून चार बोटं लांब जोडल्या असत्या, तर बाहेरचं एक टिंब हललं नसतं. दिसायला ओबडधोबड झालं असतं, पण गळलं नसतं. हे मला त्याच वेळी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती समितीच्या अध्यक्षाला घेऊन. हा निवृत्त कारकून, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की समोरचा अर्ज घेऊन उभा आहे. त्यानं माझ्या मशीनकडे पाहिलं, केबलच्या सोललेल्या तारांकडे पाहिलं. "याच्यानं जर्मन जुळते?" त्यानं विचारलं. "मी मोबाइलवर पाह्यलं. याले मोठी मशीन लागते. तुम्ही उगाच बाईले आशा लावून राह्यले."

मोबाइलवर पाहून मला शिकवायला आलेल्या माणसाबद्दल मला जे वाटतं ते छापण्यासारखं नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात बाई नव्हती, तिची पोर नव्हती. फक्त या माणसाचं तोंड बंद करायचं होतं. ठिगळ तर आता शक्यच नव्हतं. ठिगळ पाहून तो हसला असता. मी म्हटलं, "बाहेरूनच जोडतो. सांधा दिसणार नाई. आणि नावाले हातही लागणार नाई." हे शेवटचं वाक्य मी बाईकडे बघून बोललो. तिनं मान डोलावली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे पळत नाही. मागून तांब्याची पट्टी बांधली. नावाच्या अलीकडचा भाग ब्रशनं लख्ख केला. टंगस्टन तांब्याच्या तुकड्यावर घासून पेटवलं आणि जोडत निघालो. पहिली तीन बोटं अशी गेली, की माझा मलाच अभिमान वाटला. अध्यक्ष डोळ्यांवर हात धरून बघत होता आणि त्याचं बोलणं थांबलं होतं.

मग पहिलं अक्षर आलं. टिंबातली काजळी तडतडली. आर्क, म्हणजे टॉर्चच्या टोकाची विजेची ज्योत, सरळ राहीना, एका टिंबावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागला. धातू काळा पडत होता, धरत नव्हता. कोणीही शहाणा तिथे थांबला असता. मी थांबलो नाही, कारण तो माणूस शेजारी उभा होता. मी करंट वाढवला. माझ्या मशीनला पायाचं पेडल नाही. वाढवलेला करंट चटकन कमी करता येत नाही. काचेतून मला सगळं पांढरं, शांत दिसत होतं. आणि मग दोन अक्षरं एकदम बसली. खाली भोक पडलं. ज्यांना हसत आलो त्यांनी केलं तेच मी केलं.

"झालं का?" अध्यक्षानं विचारलं.

"थोडं साफ करावं लागते," मी म्हणालो. बाई त्याच्या मागे उभी होती, तिला माझ्या हातापलीकडचं दिसत नव्हतं. आता मधेच सोडलं असतं तर गंज भंगारात जाणार होता, आणि माझी अब्रूही. मी कानस घेतली. उरलेली अक्षरं एक एक करून घासून सपाट केली, खालचा पत्रा चमकेपर्यंत. मग सगळी लांबी तार घालून भरली, वरून घासली, पॉलिश मारली. तासाभरानं गंजात काठापर्यंत पाणी भरलं. एक थेंब आला नाही. अध्यक्षानं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "मानलं तुमाले." जे ऐकण्यासाठी मी हे सगळं केलं ते हेच होतं, आणि ते ऐकताना मला त्याची जितकी किळस आली त्याहून जास्त माझी आली.

बाई पुढे आली. तिनं चमकत्या पट्टीवर हात फिरवला, इकडून तिकडे, मग परत.

"नाव कुठी गेलं, भाऊ?"

"मशीननं नवीन टाकून देतो," मी म्हणालो. "सुंदर अक्षरात. आतापेक्षा चांगलं."

"नाई, राहू द्या," ती म्हणाली. ती चिडली नाही, रडली नाही. ती चिडली असती तर मी उलट बोललो असतो आणि मला बरं वाटलं असतं. तिनं पदरानं गंजाचं पाणी पुसलं आणि अध्यक्षाबरोबर तो उचलून ऑटोत ठेवला.

त्या एका कामानं माझं नाव झालं. ब्रह्मपुरीपासून लोक जर्मन घेऊन येऊ लागले. अध्यक्षानं गावोगाव सांगितलं. पुढच्या वर्षी विहारात जेवण होतं, त्यानं मलाही बोलावलं, आणि मी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. बहुतेक कौतुक ऐकायला.

पंगत बसत होती. एका सुनेनं विचारलं, वरण कोणत्या गंजात करायचं. तोवर समितीनं स्टीलचाही घेतला होता. बाई चुलीजवळ तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "मिस्त्रीचा गंज घे. तो गळत नाई."

टोमणा नव्हता. वस्तीत सगळे त्याला तेच म्हणत होते. लहान पोरंही मिस्त्रीचा गंज म्हणत होती, आणि तीही म्हणायला लागली होती. मग मला ओळखून ती उठली, माझ्या पत्रावळीवर स्वतःच्या हातानं वरण वाढलं आणि म्हणाली, "पोटभर जेवा, भाऊ."

अध्यक्ष माझ्या शेजारी बसून पलीकडच्याला माझी मशीन समजावून सांगत होता. तिच्या मुलीचं नाव काय होतं, हे त्या पंगतीतल्या किती जणांना सांगता आलं असतं कोण जाणे. मला सांगता येतं. मी ते एकेक टिंब वाचत कानशीनं काढलं आहे.